‘शॉक’ देऊन मुतखडा फोडताना दुखणं आणि धास्ती कशी कमी करावी?

‘शॉक देणार’ म्हटलं की बऱ्याच जणांना करंटच आठवतो. घोळ त्या शब्दानेच घातलाय. लिथोट्रिप्सीत, म्हणजे ‘शॉक’ देऊन मुतखडा फोडण्याच्या या उपचारात, अंगात वीज जात नाही. यंत्रातून निघालेल्या दाबाच्या लहरी कातडीतून आत जाऊन खड्यावर एकवटतात आणि खडा फुटतो. चिरफाड नाही, टाका नाही.

१. आधी सगळं सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, अगदी अ‍ॅस्पिरिनसुद्धा, तर ती डॉक्टरांच्या कानावर घाला. मनाने बंद करू नका. लघवीत जळजळ, ताप किंवा गरोदरपणाची शंका असेल तर तेही लपवू नका. उपाशीपोटी यायचं का, वेदनाशामक कोणतं आणि कधी देणार, हेही विचारून घ्या.

२. टेबलावर श्वास सांभाळा. सगळ्यात महत्त्वाचं हेच. श्वासाबरोबर मूत्रपिंड वरखाली होतं आणि खडाही हलतो. घाबरून मोठमोठे श्वास घेतले तर लहरींचा नेम चुकतो. म्हणून श्वास लहान, संथ, एका लयीत ठेवा. पाठीला गार जेल लागतं, मग टक्-टक् आवाज सुरू होतो आणि प्रत्येक ठोक्याला रबरबँड ताणून सोडल्यासारखा चटका बसतो. बरगडीजवळ तो जरा जास्तच झोंबतो. सुरुवातीला जोर कमी असतो, मग हळूहळू वाढवतात. त्यामुळे अंगाला सवय होते आणि मूत्रपिंडही जपलं जातं. एकूण ठोके दोन-तीन हजारांपर्यंत जातात, वेळ साधारण पाऊण तास. हेडफोन लावून आवडीची गाणी ऐकायची परवानगी मागा. यंत्राचा आवाज दबतो आणि मनही गुंतून राहतं.

३. सहन होत नसेल तर बोला. दात-ओठ खाऊन पडून राहण्यात शौर्य नाही. अंग आखडलं, कूस हलली की खडा नेमातून सुटतो. हलण्याआधी तोंडाने सांगा. जोर कमी करता येतो, थांबता येतं, औषध वाढवता येतं.

४. घरी आल्यावर लघवी एक-दोन दिवस लालसर होते, पाठीवर काळंनिळं दिसतं. तुकडे उतरताना कळा येतात, तेव्हा लिहून दिलेली गोळी वेळेवर घ्या. डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढं पाणी प्या आणि लघवी गाळून तुकडे तपासणीसाठी जपून ठेवा. मात्र थंडी वाजून ताप आला, लघवी अडली किंवा गोळीनेही कळ थांबेना, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.