जॅकेट उन्हात टाकू नका, वहिनी

गेल्या गणपतीत इचलकरंजीला गेले होते. माझा मामेभाऊ पोलिसात आहे. सकाळी गच्चीवर गेले तर दोरीवर टॉवेल, पोरांचे गणवेश, आणि खाली चटईवर पापड वाळत घालावेत तशी दादाच्या बुलेटप्रूफ जॅकेटची दोन्ही पॅनेलं. वहिनी म्हणाल्या, "घामाचा वास मारत होता वन्सं. आठवडाभर पाऊस, आज कुठं जरा ऊन पडलंय. सगळंच साबणात बुडवून काढलं."

मी अमेरिकेत, मिशिगनच्या उत्तर भागात, अशाच जॅकेटांच्या एका कारखान्यात अकरा वर्षं तपासणीचं काम करते. तेव्हा माझं तोंड कसं झालं असेल ते समजून घ्या. त्या दिवशी गच्चीवर जे सांगितलं तेच इथे लिहितेय. ज्यांच्या घरात असं जॅकेट येतं त्यांच्यासाठी, आणि मुख्यतः ते धुणाऱ्या माणसासाठी.

आधी हे लक्षात घ्या की त्यात लोखंड नसतं. वर्दीच्या आतून घालायचं जॅकेट म्हणजे उशी आणि अभ्रा. अभ्रा म्हणजे बाहेरची खोळ, पट्ट्यांची. उशी म्हणजे आतलं पॅनेल. त्यात विणलेल्या किंवा दाबून चिकटवलेल्या कापडाचे वीसएक, कधी तीसच्याही वर थर असतात. सगळ्यात प्रसिद्ध धागा केव्हलार. ड्यूपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये शोधला तो. आमच्या घरी साधे माग होते, कांड्या भरत मोठी झाले. केव्हलारचं कापड पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा पाहिलं तर साधीच वीण, ताणा-बाणा एकाआड एक. रंग हळदीच्या दुधासारखा पिवळा. कापायला घेतलं आणि घरून आणलेली चांगली कात्री दुपारपर्यंत बोथट झाली.

आता कामाचं. खोळीतून पॅनेल बाहेर काढा आणि त्यावरचं लेबल वाचा. साइज, बनवल्याची तारीख, संरक्षणाची पातळी आणि कुठली बाजू अंगाकडे, हे त्यावर छापलेलं असतं. अमेरिकेच्या जुन्या मानकात 'टू-ए', 'टू', 'थ्री-ए' म्हणजे पिस्तुलाची गोळी; 'थ्री' आणि 'फोर' म्हणजे रायफल, त्यासाठी साधारणपणे कडक प्लेट लागते. २०२३ मध्ये आलेल्या नव्या मानकात ही नावं बदलून पिस्तुलासाठी 'एचजी' आणि रायफलसाठी 'आरएफ' झाली आहेत. भारताचं स्वतःचं मानक आयएस १७०५१, २०१८ चं. कुठलंही असो, पिस्तुलाचं जॅकेट घालून रायफलसमोर उभं राहायचं नाही. सुरी-चाकूचंही तसंच. लेबलवर वेगळं लिहिलेलं नसेल तर हे जॅकेट चाकू अडवेल असं धरू नका. गोळी अनेक धाग्यांना एकदम ओढते, टोक दोन धाग्यांमधून वाट काढतं. पोत्यात दाभण कसा शिरतो तसं.

मापाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथेच सगळे चुकतात. जॅकेट घालून उभं राहा. पुढच्या पॅनेलची वरची कड गळ्याखालच्या खळगीपासून दोन बोटं खाली हवी. खालची कड पट्ट्याच्या दोन-तीन बोटं वर. मग खुर्चीत बसा. बसल्यावर पॅनेल वर सरकून हनुवटीला टेकलं तर ते लांब आहे, आणि तुमचा माणूस गाडीत बसल्या बसल्या ते सैल करून टाकणार, हे लिहून ठेवा. बगलेखाली पुढचं पॅनेल मागच्यावर थोडं चढलेलं हवं, मध्ये फट नको. पट्ट्या घट्ट, पण खोल श्वास घेता आला पाहिजे. दादाचं वजन तीन वर्षांत नऊ किलोनं वाढलंय, जॅकेट मात्र तेच. दोन्ही बगलांत माझी चार-चार बोटं जात होती. वहिनी म्हणाल्या, "हे तर ब्लाऊजसारखंच झालं, कडेला माया ठेवायला हवी होती." इथे माया नसते. नवं माप द्यावं लागतं.

धुणं. पॅनेलं काढून ठेवा. फक्त खोळ धुवायची, गार पाण्यात, साध्या साबणानं. ब्लीच नाही, ब्रशनं खसाखसा घासणं नाही. पट्ट्यांचे चिकटणारे भाग आधी बंद करून ठेवा, नाहीतर त्यात धागे अडकून पकड जाते. सावलीत वाळवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय पॅनेल आत घालू नका. पॅनेल स्वतः फक्त ओलसर फडक्यानं पुसायचं. पाण्यात बुडवायचं नाही, इस्त्री नाही, ऊन तर मुळीच नाही. आमच्या कारखान्यात खिडकीशी केव्हलारची एक पट्टी कुणीतरी टाचून ठेवलीय, नवीन आलेल्यांना दाखवायला. अर्धी कागदाखाली झाकलेली, अर्धी उघडी. झाकलेली अजून पिवळी आहे, उघडी काकवीच्या रंगाची झालीय. पाण्याचं वेगळं. धागा ओला झाला की धाग्यावरून धागा घसरतो, आणि गोळी अडवायला धाग्यांनी एकमेकांना धरून राहावं लागतं. म्हणूनच पॅनेलवर पाणी न शिरणारं आवरण चारी बाजूंनी बंद केलेलं असतं. महिन्यातून एकदा त्या कडांवरून बोट फिरवा. कड सुटलेली, भोक पडलेलं, आत गोळा झालेला किंवा कोपरा दुमडलेला लागला तर घरी सुईदोरा घेऊन बसू नका. चिकटपट्टीही नको. जिथून आलं तिथं परत द्या.

हे मी उगाच घाबरवायला सांगत नाही. आमच्या भागात सेंट्रल लेक नावाचं गाव आहे, जेमतेम हजार वस्तीचं. १९६९ मध्ये डेट्रॉइटला रिचर्ड डेव्हिस नावाच्या पिझ्झावाल्यावर दरोडेखोरांनी गोळ्या झाडल्या, त्यातून त्याला अंगाला लपेल असं जॅकेट सुचलं, आणि पुढे त्याची 'सेकंड चान्स' ही कंपनी या गावात उभी राहिली. जॅकेट दाखवताना तो स्वतःच्या अंगावर गोळी झाडून घ्यायचा. (हे तुम्ही करायचं नाही, दादाला आधीच सांगून ठेवलंय.) नंतर हलकं जॅकेट हवं म्हणून जपानी कंपनीचा झायलॉन नावाचा धागा आला. २००३ च्या जूनमध्ये पेन्सिल्व्हेनियात एका पोलिसाच्या झायलॉनच्या जॅकेटमधून गोळी आत गेली. उष्णता आणि दमटपणानं तो धागा आतल्या आत अशक्त होत होता. २००४ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. २००५ मध्ये अमेरिकी सरकारनं वापरलेली जॅकेटं तपासली तेव्हा अर्ध्याहून जास्तांतून गोळी पार गेली. बाहेरून पाहून कुणालाही काही कळलं नसतं. कोल्हापूर जिल्ह्यातला जुलै ज्यांनी पाहिलाय त्यांना दमटपणा काय करतो हे मी सांगायला नको.

त्या सगळ्यानंतर गावात जॅकेटांचा धंदा पुन्हा उभा राहिला. आमच्याकडेही शिवणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणींचे नवरे, भाऊ शेरीफच्या खात्यात आहेत. १५ नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला की अर्धी लाइन रजेवर असते. पण कुणा अनोळखी पोलिसाचं "वाचलो" असं पत्र आलं की तपासणीच्या टेबलावर त्या लॉटचा नंबर शोधायला सगळ्या धावतात. आपली शिवण होती का ते बघायला.

ठेवायचं कसं? आडवं, सपाट, घरातल्या सावलीत. दुमडून गादीखाली नाही, आणि पॅनेलसकट पट्ट्यांना धरून खुंटीवरही नाही, वजनानं आकार जातो. मोटरसायकलच्या डिकीत किंवा उन्हातल्या गाडीत तर नाहीच. काही पॅनेलं पॉलिथिलिनच्या धाग्याची असतात, त्यांना उष्णता मानवत नाही. सिरॅमिकची प्लेट असेल तर ती पडू देऊ नका. पडली तर वाजवून बघून काही कळत नाही, एक्स-रे काढावा लागतो. आणि प्लेटवर 'आयसीडब्ल्यू' लिहिलं असेल तर ती मऊ पॅनेलबरोबरच चालते, एकटी नाही.

एकदा गोळी लागलेलं जॅकेट पुन्हा घालायचं नाही, भोक कितीही लहान असो. माणसालाही लगेच दवाखान्यात न्या, रक्त नसलं तरी. चाचणीत मातीच्या ठोकळ्यावर जॅकेट ठेवून गोळी मारतात, तेव्हा मागे ४४ मिलिमीटरपर्यंत खड्डा पडला तरी ते पास होतं. तो खड्डा बरगडीवर कल्पून बघा. पाच वर्षं ही बहुतेकांची वॉरंटी. तारीख लेबलवर आहेच.

दादानं ती धुतलेली पॅनेलं स्टोअरला जमा केली, खरं कारण लिहून. दोन बोलणी खाल्ली. नवं जॅकेट दिवाळीनंतर मिळालं. परवा वहिनींनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला: खोळ धुऊन, सावलीत वाळवून, पॅनेलं घालून दिवाणावर सपाट मांडलेलं. खाली लिहिलं होतं, "बरोबर ना वन्सं?" फोटो मोठा करून पाहिला. मी लिहिलं, "एकदम बरोबर. फक्त मागचं पॅनेल उलटं बसलंय, लेबल बघून फिरवा."