काहून मेली, तेवढं सांगा: पॅथॉलॉजीत येऊ पाहणाऱ्या पोरापोरींसाठी

पशुवैद्यकीच्या इंटर्नशिपचा दुसरा महिना होता, मे चालू, आणि दारव्ह्याकडच्या एका गावातून सकाळीच फोन आला की गाय मेली. आम्ही पोचलो तर गाय कोठ्याबाहेर कडुलिंबाखाली पडलेली, काका बाजूला उकिडवे बसलेले. आठ दिवसांपासून तापाची आणि भुकेची इंजेक्शनं चालू होती, एखाद दिवस बरी वाटायची की परत खाणं बंद, गळ्याखाली पोळीला सूज आली होती आणि उतारावर चालायला नाही म्हणायची. काका एवढंच म्हणाले, "मॅडम, मेली ते मेली. पण काहून मेली तेवढं सांगा. कोठ्यात मायी दुसरी गाय हाय न तिची कालवड हाय."

मी पॅथॉलॉजी, म्हणजे रोगानं अवयवांत काय बिघडलं ते शोधायचं शास्त्र, घेतली ती या वाक्यामुळे. तोवर मला सर्जरीच करायची होती.

गाय डाव्या कुशीवर घेतली, कारण गुरांचं कोठीपोट (पहिलं, सगळ्यात मोठं पोट) डावीकडे असतं, ते खाली गेलं की बाकीचे अवयव नीट समोर येतात (घोड्याला उलट, उजव्या कुशीवर). छाती उघडली तर हृदयाभोवतीची पिशवी फुग्यासारखी टम्म झालेली, चाकू लागताच घाण वासाचं करडं पाणी भळाभळा आलं आणि आत हृदयावर पिवळट, लोंबता, खडबडीत थर बसलेला, हृदय हृदयासारखं दिसतच नव्हतं. सरांनी हातमोजा घातलेलं बोट जाळीपोटाकडून (गुरांचं दुसरं पोट, चाऱ्यासोबत गिळलेली तार तिथं अडकते) सरकवत सरकवत आणलं, छाती आणि पोटामधल्या पडद्यापाशी थांबले आणि माझा हात तिथं नेऊन ठेवला. तार होती, माझ्या करंगळीएवढी, काळी पडलेली. जाळीपोट आणि हृदय यांच्यात फक्त एक पडदा असतो हे आम्ही पुस्तकात वाचलंच होतं, पण ते अंतर किती कमी आहे हे मला त्या दिवशी बोटाला समजलं. काकांनी तार हातात घेतली, बघितली, आणि काही न बोलता उठून कुटाराच्या ढिगाकडे गेले. शेजारी घरकुलाचं बांधकाम चालू होतं, बाइंडिंग तारेचे तुकडे सगळीकडे, त्यांना ढिगात अजून तीन सापडले. दुसऱ्या गाईला आणि कालवडीला त्या दिवसापासून चाळून कुटार सुरू झालं.

आता तुम्ही म्हणाल यात रिसर्च कुठे आहे, तर माझ्या मते सगळा रिसर्च तिथंच सुरू होतो. लॅब नंतर येते.

प्रवेशाचं आधी थोडक्यात सांगते कारण ते सगळ्यांना माहीत असतं. बारावीला बायोलॉजी, मग नीट, मग बी. व्ही. एस्सी. अँड ए. एच., म्हणजे पशुवैद्यकाची पदवी, साडेपाच वर्षांची, त्यात शेवटचं एक वर्ष इंटर्नशिप. आपल्या राज्यातली सरकारी कॉलेजं माफसूकडे आहेत म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, 2000 साली झालेलं, मुख्यालय नागपूर, आणि नागपूरचं कॉलेज स्वतः 1958 पासूनचं आहे. त्यानंतर एम. व्ही. एस्सी. दोन वर्षं, अकोल्यालाही पदव्युत्तर संस्था आहे, बाहेर जायचं तर बरेलीजवळ इज्जतनगरला आयव्हीआरआय, म्हणजे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था. ही संस्था 1889 ला पुण्यात सुरू झाली होती, नंतर मुक्तेश्वरला आणि मग इज्जतनगरला गेली, हे मला कळलं तेव्हा फार छान वाटलं होतं.

घरी मात्र समजावणं कठीण जातं. माझी आई म्हणाली, "पाच वर्षं शिकून मेलेल्या ढोरायचंच पाहाचं होतं काय?" तिला मी काहीच उत्तर दिलं नाही, ती तार दाखवली. मी ती ठेवून घेतली होती काकांना विचारून.

आता खरं काम. पहिली गोष्ट, फोन आला की विचारायचं जनावर किती वाजता मेलं. मरण सकाळी सातचं आणि तुम्ही दुपारी दोनला पोचलात, वर विदर्भातलं 45 डिग्रीचं ऊन, तर तुम्हाला जे दिसेल त्यातलं अर्धं रोगानं केलेलं नसतं, मरणानंतर झालेलं असतं. नवीन पोरं इथंच फसतात. कोठीपोटाचं आतलं अस्तर हाताला लागताच सालपटासारखं निघून येतं, ते बघून पोरं लिहितात सूज आली, विषबाधा झाली, पण मेल्यावर काही तासांत ते असंच सुटतं. पित्ताशयाजवळचं लिव्हर हिरवं-पिवळं झालं म्हणजे कावीळ नव्हे, पित्त झिरपलेलं असतं. आतड्याला लागून असलेला भाग हिरवट काळा पडतो तो कुजण्याचा रंग. जनावर ज्या कुशीवर पडलं त्या बाजूचं फुप्फुस जास्त लाल, जड दिसतं कारण रक्त खाली उतरलं, न्यूमोनिया समजू नका, दोन्ही बाजू हातात घेऊन दाबून बघा, घट्ट लागते का स्पंजासारखी. रक्ताची गाठ मेल्यानंतरची असेल तर चकचकीत, लवचिक आणि सहज निघते, जिवंतपणीची असेल तर कोरडी, ठिसूळ आणि नळीच्या भिंतीला धरून बसलेली. हे सगळं पुस्तकात दोन पानांत आहे, पण हाताला बसायला मला वर्ष लागलं, आणि मला वाटतं पॅथॉलॉजिस्ट व्हायचं असेल तर पहिल्या वर्षी एवढंच नीट शिकलं तरी चालेल.

याच्याही आधीची एक गोष्ट आहे आणि ती मी ओरडून सांगते. धडधाकट जनावर अचानक मेलं, नाकातोंडातून किंवा शेणाच्या जागेतून काळपट रक्त येतंय आणि ते गोठत नाहीये, तर चाकू लावायचा नाही. फाशी असू शकते, म्हणजे अँथ्रॅक्स. शरीर उघडलं की त्या जंतूला हवा मिळते आणि त्याचे बीजाणू तयार होतात, ते मातीत वर्षानुवर्षं, दशकं टिकतात, उद्या त्याच वावरात दुसरी गुरं चरणार आणि माणसालाही हा रोग होतो. कानाच्या शिरेतून एक थेंब रक्त घेऊन स्मिअर (काचपट्टीवर पातळ थर) करायचा, भोकं कापसानं बंद करायची, जनावर खोल पुरायचं, वर चुना. मालक कितीही म्हणाला की विम्याला पोस्टमॉर्टम रिपोर्ट लागतो तरी नाही म्हणजे नाही, स्मिअरवर काय दिसलं ते लिहून द्यायचं.

तसंच रेबीजचं. लाळ गाळणारी, घोगरं ओरडणारी, डोकं भिंतीला लावणारी गाय असेल तर तोंडात हात घालून घशात काही अडकलं का बघायला जाऊ नका, आपल्याकडे हे फार होतं. आणि कॉलेजात असतानाच आधीची लस घेऊन ठेवा, 0, 7 आणि 21 किंवा 28 व्या दिवशी, मग चावा झाला तरी पुढचे डोस असतातच पण पाया तयार असतो. मेंदूचं सॅम्पल घेताना कुत्र्यात हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा आतला भाग महत्त्वाचा, गाईम्हशीत मात्र लहान मेंदू विसरायचा नाही, नेग्री बॉडी, म्हणजे रेबीजची पेशीतली खूण, तिथल्या मोठ्या पेशींत सापडतात.

सॅम्पलची माझी एक चूक सांगते म्हणजे तुमची होणार नाही. पहिल्याच महिन्यात मी एका बैलाच्या लिव्हरचा मुठीएवढा तुकडा औषधाच्या अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबला, वरून जेमतेम बुडेल एवढं फॉर्मॅलिन (तुकडा सडू न देणारं द्रावण), आणि पाठवून दिला. पंधरा दिवसांनी लॅबमधून फोन आला की बाटलीतून तुकडा निघत नाही. बाटली फोडून काढला तर बाहेरून कडक आणि मधोमध सडलेला, कारण फॉर्मॅलिन आत पोचलंच नव्हतं. त्या शेतकऱ्याला मला सांगावं लागलं की कारण कळलं नाही. त्याचा दुसरा बैल महिन्याभरात मेला, तोच रोग होता का दुसरा हे मला आजही माहीत नाही आणि ते मला टोचतं.

तर तुकडा अर्धा सेंटिमीटर जाडीचा, त्यात चांगला आणि बिघडलेला दोन्ही भाग यायला पाहिजेत, सीमेवरचा तुकडाच सगळं सांगतो. फॉर्मॅलिन तुकड्याच्या दहापट. बाजारातलं एक भाग आणि पाणी नऊ भाग, झालं 10 टक्के, बफर मिळालं तर उत्तमच. रुंद तोंडाची बरणी, लोणच्याची धुतलेली प्लॅस्टिक बरणी चालते. बरणी फ्रीजरमध्ये ठेवायची नाही, बर्फानं पेशी फुटतात. पण जंतू किंवा व्हायरस शोधायचा असेल तर फॉर्मॅलिन लागूच द्यायचं नाही, ते वेगळं, बर्फावर. एका जनावराच्या दोन बरण्या, हे डोक्यात पक्कं ठेवा. लेबल पेन्सिलनं लिहा, पेनाची शाई फॉर्मॅलिननं पुसते.

लॅबमधलं काम सावकाश चालतं आणि मला ते फार आवडतं. तुकडा अल्कोहोलमधून नेऊन पाणी काढायचं, मग झायलीन, मग वितळलेल्या मेणात, मेणाचा ठोकळा झाला की मायक्रोटोमवर 4-5 मायक्रॉनचे काप, ते कोमट पाण्यावर तरंगतात आणि स्लाइडनं अलगद उचलायचे, पापड तेलातून उचलतो तसं नाही, खालून. मग हिमॅटॉक्सिलिननं केंद्रकं निळी आणि इओसिननं बाकी गुलाबी. पहिल्या शंभर स्लाइडमध्ये तुम्हाला फक्त गुलाबी-जांभळी रांगोळी दिसेल, घाबरू नका. माझी सवय अशी की आधी निरोगी अवयवाची स्लाइड शेजारी ठेवायची आणि मग आजाऱ्याची बघायची. ही सवय लवकर लावा.

थीसिसचा विषय निवडताना मोठ्या नावामागे धावू नका, सॅम्पल कुठून येणार ते आधी बघा. आपल्या राज्यात 2015 पासून बैलांसकट गोवंश हत्याबंदी आहे, त्यामुळे गाईबैलांचं मटेरियल मेलेल्या जनावरांतूनच येणार आणि ते तुमच्या वेळापत्रकानं मरत नाहीत. बकऱ्यांची, म्हशींची फुप्फुसं-लिव्हर कत्तलखान्यात मिळतात. अमरावतीकडे पोल्ट्री भरपूर आहे, तिथं सकाळी गेलात तर रोज पाच-दहा कोंबड्या उघडायला मिळतील, हात तयार करायला यासारखं दुसरं काही नाही, राणीखेत, गंबोरो असे कोंबड्यांचे रोग सगळे आठवड्यात डोळ्याखालून जातात.

2022 मध्ये लम्पी आला तेव्हा आपल्या अकोला-बुलढाण्यानं काय भोगलं ते तुम्ही पाहिलंच आहे. अंगभर गाठी, पायाला सूज, बैल उठेना, आणि ज्या मेल्या त्यातल्या काहींच्या श्वासनळीतही तशाच गाठी होत्या, म्हणजे बाहेरून दिसत होतं त्यापेक्षा आत जास्त होतं. गावात लोक विचारायचे दूध प्यावं का, आपल्याला होईल का. लम्पी माणसाला होत नाही हे ठामपणे सांगता येणं किती मोलाचं होतं, कारण लोक लेकरांना दूध द्यायला घाबरत होते. तेव्हा बकऱ्यांच्या देवीची लस गाईंना टोचली, कारण दोन्ही व्हायरस एकाच घराण्यातले.

आणि हा विषय आता फक्त ढोरांचा राहिला नाही. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट मेले आणि भोपाळच्या हाय सिक्युरिटी लॅबनं सांगितलं बर्ड फ्लू. वाघाला कोंबड्यांचा रोग. ते कोणीतरी उघडून, सॅम्पल घेऊन, वेळेवर पाठवलं म्हणून कळलं. नागपूरला वन हेल्थची (माणूस, जनावरं आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्र विचार) राष्ट्रीय संस्था होते आहे, 2022 च्या डिसेंबरमध्ये तिची पायाभरणी झाली.

नोकऱ्यांचं विचाराल तर एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी, पुण्याला औंधचा रोग अन्वेषण विभाग, कॉलेजात शिकवणं, एएसआरबीची (कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची) परीक्षा देऊन आयसीएआरमध्ये (भारतीय कृषी संशोधन परिषदेत) शास्त्रज्ञ, पोल्ट्री कंपन्या, आणि नवीन औषधं माणसाला द्यायच्या आधी प्राण्यांवर तपासतात तिथं टॉक्सिकॉलॉजिक पॅथॉलॉजिस्ट, ते हैदराबाद, अहमदाबाद, बंगळूरकडे जास्त. पगार त्यात बरा असतो. मी गावाकडे राहिले तो माझा निर्णय, तुम्ही तोच घ्यावा असं नाही.

मागच्या पावसाळ्यात घाटंजीकडच्या एका बाईंच्या बकऱ्या मरायला लागल्या, तीन दिवसांत चार. नाकातून शेंबूड, तोंडात फोड, पातळ हगवण. पाचवी मेली ती मी बाईंच्या अंगणातच उघडली, दोन पोट्ट्यांनी ताडपत्री धरली होती पाऊस होता म्हणून, आणि मोठ्या आतड्याच्या शेवटी लाल पट्टे, एकामागे एक, झेब्र्याच्या अंगावर असतात तसे. पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग. त्या बाईंना मी ते पट्टे दाखवले, बोट लावून. ज्या रोगानं पूर्वी गावंच्या गावं रिकामी केली तो गुरांचा बुळकांडी याच घराण्यातला, तो 2011 मध्ये जगातून गेला, आणि हा 2030 पर्यंत घालवायचा असं ठरलेलं आहे. सॅम्पल पाठवलं, उरलेल्या बकऱ्या वेगळ्या केल्या, दवाखान्याला सांगून आजूबाजूच्या गावांत लस सुरू केली. रिपोर्ट पीपीआरच आला.

दिवाळीनंतर बाईंचा फोन, "मॅडम, पुढच्या वर्षी टोचाले कधी येता?" मी म्हटलं टोचलेल्यांना तीन वर्षं पुरते, आता फक्त नवीन पिल्लं चार महिन्यांची झाली की दवाखान्यात आणा. त्यांनी फोन तसाच हातात धरून मोठ्यानं पिल्लं मोजायला सुरुवात केली, अकरा झाली, मग कोणीतरी मागून ओरडलं की बारावं चुलीमागं हाय.