व्हॅक्युम किंवा चिमटा लावायची वेळ आली तर: घरच्यांनी आधीच करून ठेवायची तयारी

वहिनीचे दिवस भरत आलेत, सोबत मी असणार आहे, म्हणून लिहून ठेवतेय, कोणाच्या घरी हीच गडबड असेल तर त्यांनाही उपयोग होईल. गाऊन, दुपटी, लंगोट, पॅड, थर्मास यावर एक शब्द लिहीत नाही, ते सगळ्यांना माहीत असतं. ही यादी त्या वेळेची आहे जेव्हा गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडलंय, बाळ खाली येऊन अडलंय, आई जोर लावून लावून दमलीये किंवा बाळाचे ठोके कमी व्हायला लागलेत, आणि डॉक्टर म्हणतात व्हॅक्युम लावू (बाळाच्या डोक्याला कप चिकटवून ओढतात) नाहीतर चिमटा लावू (डोकं चिमट्यात धरून ओढतात). मागच्या वेळी धाकट्या बहिणीला व्हॅक्युम लागला, मी सगळी बॅग बरोबर भरली होती आणि लघवी झाली का हे विचारायचंच राहिलं, त्याचा त्रास तिने भोगला. म्हणून लघवी हा शब्द इथे परत परत येणार आहे.

आधी फाइल. फाइल म्हणजे नुसती सोनोग्राफीची पाकिटं नाहीत, वरच्याच कागदावर मोठ्या अक्षरात पाच-सहा गोष्टी लिहा, कारण रात्री ड्युटीवरचे डॉक्टर वेगळे असतात आणि त्यांनी पेशंट पहिल्यांदाच पाहिलेली असते. उंची (१४५ सेंटीमीटरच्या आसपास किंवा कमी असेल तर नक्की), वजन आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३० च्या वर आहे का, हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, किती आठवडे झाले, आणि शेवटच्या सोनोग्राफीत बाळाचं वजन किती. यातली प्रत्येक गोष्ट कामाची आहे. आई बुटकी, वजन जास्त, बाळ ४ किलोच्या जवळ किंवा वर, बाळाचं तोंड आईच्या पाठीकडे असायचं ते पोटाकडे, डोकं अजून वरच, यातलं एक-दोन जरी जमून आलं तरी व्हॅक्युम-चिमटा फेल जायची शक्यता वाढते, मग शेवटी सीझर होतं आणि तेही दमलेल्या आईचं. साखरेची टेस्ट केली नसेल तर आजच विचारा, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून २ तासांनी रक्त घेतात, १४० किंवा वर आली तर गरोदरपणातला डायबिटीस धरतात, आणि त्यात बाळ अंगाने मोठं होतं, डोकं बाहेर येतं आणि खांदा अडकतो. सोनोग्राफीतलं वजन अंदाजाचं असतं, मागेपुढे होतं, पण अंदाज तरी हातात असावा. आठवडे नीट लिहा कारण ३२ आठवड्यांच्या आत व्हॅक्युम लावत नाहीत आणि ३६ पर्यंतही जपूनच, एवढ्या कोवळ्या डोक्याला ते झेपत नाही.

आणि एक गोष्ट कोणी विचारत नाही, तुम्हीच सांगा: आईच्या माहेरी कोणाला, मामाला, भावाला, जरा लागलं तरी रक्त थांबत नाही असं आहे का. हिमोफिलिया आईकडून मुलाकडे येतो आणि अशा बाळाच्या डोक्यावर व्हॅक्युम म्हणजे मोठा धोका. लाजायचं काय त्यात, सांगून टाका.

हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर गोळ्या, इंजेक्शन जे काय असेल ते आत्ता करा, नवव्या महिन्यात धावपळ नको. व्हॅक्युम-चिमट्याच्या बाळंतपणात रक्त जास्त जायची शक्यता असते, टाके जास्त, कधी गर्भपिशवी ढिली पडते, आणि अंगात आधीच रक्त कमी असलं की थोडं गेलेलंही भारी पडतं. रक्ताची सोय कुठून होणार हे विचारून ठेवा. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून बाळंतपण, सीझर, औषधं, रक्त, नेणं-आणणं सगळं फुकट आहे, तरी लोक पैसे शोधत बसतात. १०२ आणि १०८ दोन्ही नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करा.

जागा ठरवताना एकच प्रश्न विचारा, व्हॅक्युम जमला नाही तर सीझर इथेच लगेच होईल का, भूलतज्ज्ञ किती वेळात येतात. "तालुक्याला पाठवतो" असं उत्तर आलं आणि वर लिहिलेल्यातलं काही तुमच्या पेशंटला असेल तर सरळ आधीच मोठ्या ठिकाणी नाव घाला. सोबत लेबर रूममध्ये एका बाईला राहता येतं का तेही विचारा, सरकारी ठिकाणी याची परवानगी २०१६ पासून आहे. जी राहणार तिने ही यादी वाचलेली पाहिजे, नुसती हात धरायला नको.

आता लेबर रूम. कळा सुरू झाल्यापासून दर दोन-तीन तासांनी लघवीला नेणं हे सोबतच्या बाईचं काम आहे, सिस्टर चार पेशंट बघत असतात. लघवीची पिशवी भरलेली असेल तर बाळाला खाली यायला अडथळा होतो, व्हॅक्युम-चिमट्याच्या वेळी तिला इजा होऊ शकते, आणि नंतर गर्भपिशवी नीट आवळत नाही म्हणून रक्त जास्त जातं. एका लघवीमुळे तीन त्रास! डॉक्टर म्हणाले व्हॅक्युम लावतो की आपण शांतपणे विचारायचं, "लघवी काढली का?" नळी घालून काढतात, मिनिटाचं काम आहे, कोणी रागावत नाही आणि रागावलं तरी चालेल.

पोटावर वरून दाबायला कोणी आलं तर नको म्हणा, त्याने गर्भपिशवीला आणि टाक्याच्या जागेला इजा होते, जागतिक आरोग्य संघटनाही करू नका म्हणते. दुखू नये म्हणून काय देणार ते विचारा. तीन ओढीत बाळ खाली सरकलं नाही किंवा कप दोनदा सुटला तर चांगले डॉक्टर थांबतात आणि दुसरा मार्ग बघतात, अशा वेळी "नॉर्मलच करा हो" असा हट्ट घरच्यांनी धरू नये, मी हात जोडून सांगते. व्हॅक्युम मग चिमटा असं एकामागून एक लावलं की आई-बाळ दोघांचा धोका वाढतो, सीझर झालं म्हणून काही बिघडत नाही. चिमट्यात टाके खोलवर, शौचाच्या जागेपर्यंत जाण्याचं प्रमाण जास्त, ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेजच्या (तिथल्या बाळंतपणाच्या डॉक्टरांची संस्था) माहितीप्रमाणे १०० मध्ये ८ ते १२, व्हॅक्युममध्ये १ ते ४. बाळंत झाल्यावर टाके घालताना तिथपर्यंत तपासलंय का हे विचारायला विसरू नका. आणि अँटिबायोटिक, ब्रिटनमध्ये ॲनोड नावाचा अभ्यास झाला, २०१९ ला छापून आला, बाळंतपणानंतर ६ तासांच्या आत एकच डोस शिरेतून दिला तर इन्फेक्शन १९ टक्क्यांवरून ११ वर आलं. दिलं का विचारा.

बाळ रडलं, पेढे आले, सगळे बाळाकडे. इथेच घोळ होतो. मोबाइलमध्ये गजर लावा, फोटो नंतर. पहिली लघवी ६ तासांच्या आत झाली पाहिजे आणि ती भांड्यात मोजायची. थेंब थेंब होतेय म्हणजे झाली असं नाही, पिशवी भरून वाहत असते तेव्हाही थेंब थेंबच येते. दुखू नये म्हणून कमरेत, मणक्यात इंजेक्शन दिलं असेल, टाके असतील, सूज असेल तर तिला लागल्याचं कळतच नाही, त्यामुळे "मला लागली नाही" यावर विश्वास ठेवायचा नाही. बहिणीचं हेच झालं, पोट वर आल्यावर कळलं, मग नळी, नळी घेऊनच घरी, आणि बाळाला मांडीवर घेताना ती रडायची. ६ तास झाले आणि लघवी नाही, किंवा अगदीच थोडी, तर सिस्टरला उठवा. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं असतं म्हणणाऱ्या आजीला समजावा, पाणी भरपूर पाहिजे, लघवीलाही, शौचालाही, दुधालाही. तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल तर वाट बघू नका, हाक मारा.

बाळाचं टोपरं काढून डोकं बघत राहा. व्हॅक्युमचा कप लावला तिथे आलेला फुगा एक-दोन दिवसांत बसतो. एका बाजूला टणक गाठ असेल तर ती जायला काही आठवडे लागतात, कावीळ तेवढी बघायची. पण लिबलिबीत सूज पसरत कानाकडे, मानेकडे जातेय, बाळ पांढरं पडलंय, मलूल आहे, पीत नाहीये, तर मिनिटभरही थांबू नका, आतला रक्तस्राव असू शकतो. सूज असताना तेल लावून डोकं चोळणं, आकार देणं, टाळू भरणं पूर्ण बंद. व्हिटॅमिन के चं इंजेक्शन झालं का बघा.

घरी: टाके कोरडे, शौचाला जोर नको, औषध लिहून घ्या. ताप, घाण वास, वाढतं दुखणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, गॅस-शौच न धरता येणं, यातलं काही लपवू नका, दाखवा. सहा आठवड्यांनी तपासणी. डिस्चार्ज कार्डवर व्हॅक्युम की चिमटा, का लावला, टाके कुठपर्यंत गेले होते, हे लिहूनच घ्या, पुढच्या वेळचे डॉक्टर तेच विचारतील.