तीन सर्व्हो जळाल्यावर सापडलेलं कारण

जळगावजवळ गिरणेच्या कोरड्या पात्रात मी आणि माझा भाचा रिमोटचा ट्रक पळवतो. दोन महिन्यांत स्टिअरिंगचे तीन सर्व्हो (पुढची चाकं वळवणारी गिअरवाली छोटी मोटर) गेले. पहिल्याचे प्लास्टिकचे दाते तुटले, म्हणून मेटल गिअरचा घेतला. त्याची मोटरच जळाली. तिसराही तसाच गेला, तेव्हा सर्व्होला दोष देणं थांबवलं.

ट्रक उलटा ठेवून स्टिअरिंग पूर्ण वळवलं. चाकं अडली तरी सर्व्हो घूंऽ करत ढकलतच होता. अशी अडकलेली मोटर कितीतरी जास्त करंट ओढते आणि तापून जळते. रिमोटवर एंड पॉइंट, म्हणजे सर्व्हो किती वळेल याच्या हद्दी, आवाज बंद होईपर्यंत कमी केले. डावी-उजवी बाजू वेगवेगळी लावावी लागली, हे लक्षात ठेवा.

मग मल्टिमीटर लावला. ईएससीचा (ट्रकच्या मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचा) बीईसी, म्हणजे सर्व्होला वीज पुरवणारा भाग, ७.४ व्होल्टवर आणि सर्व्होची मर्यादा ६! तो ६ वर आणला. सर्व्हो सेव्हरचा (दणका झेलणाऱ्या स्प्रिंगच्या जोडाचा) नटही पार आवळलेला होता, त्यामुळे दगडाचा दणका थेट गिअरवर जायचा. तो थोडा सैल केला.

खान्देशातलं मे महिन्याचं ऊन सोसून चौथा सर्व्हो अजून चालतोय. तासाभराने बोट लावलं तर फक्त कोमट लागतो.