उसना माइक, उसना सल्ला : घरच्या रेकॉर्डिंगमध्ये या चुका टाळा

मित्राच्या घरी त्याच्या कंडेन्सर माइकवर गायलो आणि ऐकताना मला चक्क माझाच आवाज आवडला. असं क्वचित होतं. माइक चार दिवसांसाठी मागून आणला, स्टँडवर चढवला, तेच गाणं त्याच पट्टीत गायलो. ऐकलं तर रिकाम्या पिंपात तोंड घालून गातोय असं वाटत होतं. मागे पंख्याची घरघर होतीच. पहिला संशय केबलवर गेला, दुसरा इंटरफेसवर, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीवर. तिसऱ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला: मित्राने माइक दिला होता, त्याची खोली कुठे दिली होती? त्याच्याकडे भिंतभर पुस्तकं, जाड पडदे आणि सतरंजी. माझ्याकडे उघड्या भिंती आणि गुळगुळीत फरशी.

हौशी मंडळींमध्ये सामान आणि सल्ले सतत या हातातून त्या हातात जात असतात, आणि जायलाच हवेत. पण ती वस्तू किंवा तो सल्ला पहिल्या घरी कशाच्या जोरावर चालत होता, हे सोबत येत नाही. मी केलेल्या आणि पाहिलेल्या बहुतेक चुका तिथेच झाल्या आहेत.

गादी चुकीच्या भिंतीला

खोली घुमते म्हटलं की कुणीतरी अंड्यांचे ट्रे लावायला सांगतंच. नका लावू. पुठ्ठ्याचा ट्रे वरच्या फ्रिक्वेन्सीचा थोडा आवाज इकडेतिकडे विखुरतो, शोषत जवळपास काहीच नाही. पातळ फोमचंही तेच दुखणं: तो फक्त वरचा भाग खातो, खालचा घुमारा तसाच राहतो आणि आवाज आधीपेक्षा कोंदट लागतो. घुमारा खायला जाडी लागते. दहा सेंटिमीटर जाडीचं रॉकवूल (दगडापासून केलेल्या लोकरीचा थर) कापडात गुंडाळून, भिंतीपासून थोडं सुटं, शक्यतो कोपऱ्यात उभं केलं तर फरक कळतो.

एवढी खटपट नको असेल तर गादी उभी करा. पण कुठे? बहुतेक जण ती माइकच्या मागे टेकवतात. घरात वापरले जाणारे बरेचसे माइक कार्डिऑइड असतात आणि कार्डिऑइडला पाठीमागचं फारसं ऐकूच येत नाही. तो ऐकतो तुम्हाला, आणि तुमच्या पाठीमागच्या भिंतीवरून परत येणाऱ्या आवाजाला. गादी तुमच्या पाठीशी हवी. माइकची पाठ मात्र लॅपटॉपकडे करा, म्हणजे त्याच्या पंख्याची कटकट आपोआप कमी होईल.

मग राहतं अंतर. माइकपासूनचं अंतर दुप्पट केलं की तुमचा थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणून घुमणाऱ्या खोलीत दोन हातांवरून गाऊ नका, एक वीतभर अंतर ठेवा. त्याहून जवळ गेलात तर खालचे सूर फुगतात आणि ‘प’, ‘फ’, ‘भ’ आले की माइकवर वाऱ्याचे फटकारे बसतात. तोंडासमोर पॉप फिल्टर (वारा अडवणारी जाळीची चकती) लावा आणि माइक ओठांच्या रेषेतून जरासा बाजूला सरकवा. मी चांगला महिनाभर हे फटकारे सॉफ्टवेअरने घालवायचा प्रयत्न करत होतो. माइक चार बोटं सरकवला आणि गेले.

पिन बसली म्हणून अडॅप्टर चालत नाही

ही चूक महागात पडते, कारण तिला ‘परत रेकॉर्ड करू’ हे उत्तर नाही. एकाने गिटारचा डिले पेडल (आवाजाला प्रतिध्वनी देणारी, पायाने दाबायची डबी) वापरायला दिला, अडॅप्टर द्यायचा विसरला. माझ्या जुन्या कीबोर्डचा अडॅप्टर ९ व्होल्टचाच होता, पिनही घट्ट बसली. दिवा लागलाच नाही. अर्ध्या मिनिटात गरम प्लॅस्टिकचा वास आला.

गिटार पेडलना बहुतेक वेळा मधली पिन ऋण लागते, आणि बऱ्याच कीबोर्डच्या अडॅप्टरमध्ये ती धन असते. ही खूण अडॅप्टरवर छापलेली असते: मध्ये एक ठिपका, त्याभोवती अर्धगोल आणि दोन्हीकडे अधिक-उणे चिन्हं. ती पेडलवरच्या खुणेशी जुळली पाहिजे. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत. मिलिअँपिअर मात्र लागतील तेवढे किंवा त्याहून जास्त चालतात, कमी नाही. माझ्या नशिबाने आतला संरक्षक डायोड जळाला होता आणि तो बदलून पेडल सुरू झाला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक अडॅप्टरवर कागदी पट्टी चिकटवलेली आहे: कोणाचा, किती व्होल्ट, मध्ये काय.

उसना रिबन माइक (आत धातूची पातळ पट्टी असलेला) मिळाला तर जोडण्याआधी इंटरफेसचं ४८ व्होल्टचं, म्हणजे माइकला केबलमधूनच वीज पुरवणाऱ्या फँटम पॉवरचं बटण बंद आहे ना, ते बघा. केबलमध्ये दोष असेल तर जुन्या रिबनला त्या फँटम पॉवरने इजा होऊ शकते. साध्या डायनॅमिक माइकला धड एक्सएलआर (तीन पिनांच्या माइक) केबलवर काही होत नाही.

गुणगुण कुठून येते?

स्पीकरमधून सलग गुणगुण येत असेल तर काहीही विकत घेण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर ऐका. थांबली? मग अर्थिंगच्या वळशाचा (दोन वस्तू दोन वाटांनी अर्थला जोडल्या जाण्याचा) किंवा चार्जरचा घोळ आहे. सगळं सामान एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या आणि इंटरफेस ते स्पीकर बॅलन्स्ड केबल (बाहेरची गुणगुण रद्द करणारी, दोन सिग्नल तारांची) वापरा. गिटार हातात घेऊन जागच्या जागी फिरल्यावर गुणगुण कमी-जास्त होत असेल तर ती गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपची (तारांखालच्या एकाच वेटोळ्याच्या चुंबकाची) आहे, वायरिंगला दोष देऊ नका. आणि ‘प्लगची अर्थची पिन काढून टाक’ हा सल्ला कुणीही, कितीही अनुभवी माणसाने दिला तरी ऐकू नका. त्याने गुणगुण थांबते आणि शॉक बसायची सोय होते.

गिटार इंटरफेसला लावून आवाज मेलेला, बोथट येतोय? बहुतेक वेळा ‘इन्स्ट्रुमेंट’चं बटण दाबायचं राहिलेलं असतं.

गाणं वरच्या पट्टीत का गेलं?

दूरच्या मित्राने पेटीचा ट्रॅक पाठवला, तुम्ही आपल्या प्रोजेक्टमध्ये टाकला, आणि पेटी बेसूर. मित्र म्हणतो माझी पेटी लावलेली आहे. दोघंही खरं बोलत असता. त्याने ४४.१ किलोहर्ट्झच्या सँपल रेटवर (सेकंदाला आवाजाच्या किती नोंदी घेतल्या तो आकडा) रेकॉर्ड केलंय, तुमचा प्रोजेक्ट ४८ चा आहे, आणि सॉफ्टवेअरने फाइल न बदलता तशीच वाजवली. मग पांढरी दोनचं गाणं काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतं, आणि चार मिनिटांचा ट्रॅक ३ मिनिटं ४० सेकंदांत संपतो. ४४.१ हा आकडा सीडीचा, ४८ व्हिडिओचा. कोणताही घ्या, पण दोघांनी एकच घ्या आणि तो फाइलच्या नावातच लिहा.

आकडे जुळूनही सूर लागत नसेल तर मात्र पेटीकडे बघा. कीबोर्ड आणि ट्यूनर मुळात ४४० हर्ट्झच्या ‘ए’वर लावलेले असतात, पेटी जिने लावली तिच्या कानावर असते. गिटार मिनिटात पुन्हा लावता येते, पेटी नाही, तेव्हा बाकीच्यांनी पेटीशी जुळवून घ्यावं.

ट्रॅक पाठवताना सगळे गाण्याच्या शून्य सेकंदापासून निर्यात करा, तुमचं वाजवणं दुसऱ्या कडव्यात सुरू होत असलं तरी. नाहीतर समोरचा माणूस तुमचा तुकडा सरकवत बसतो आणि ताल कधीच नेमका बसत नाही.

‘गेन तीनवर ठेव’

दुसऱ्याच्या गेनचा (माइकचा आवाज किती वाढवायचा, त्या बटणाचा) आकडा तुमच्या काही कामाचा नाही. त्याचा गळा, त्याचा माइक, त्याचं अंतर वेगळं. गाण्यातली सर्वांत जोरकस ओळ गा आणि मीटर उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास पोहोचेल असं बटण फिरवा. २४ बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये लेव्हल थोडी कमी राहिली तर नंतर वाढवता येते. फाटलेला आवाज पूर्ववत होत नाही. जोराचा आवाज दाबणाऱ्या कंप्रेसरच्या उसन्या सेटिंगचंही तसंच. ‘थ्रेशोल्ड (दाबणं जिथून सुरू होतं ती पातळी) उणे २०’ कुणाच्या तरी उणे १०च्या आवाजासाठी असतं. तुमचा आवाज उणे २५ला असेल तर तो कंप्रेसर नुसता शोभेला.

दोन माइक किंवा दोन प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचे इफेक्ट) ताडून बघताना आधी दोन्हींची लेव्हल सारखी करा. डेसिबलभर मोठं असलेलं कानाला चांगलंच वाटतं. या एका गोष्टीपायी मी दोन प्लगइन विकत घेतले आहेत.

मदत मागताना

‘माझ्या रेकॉर्डिंगमध्ये कटकट येते, काय करू?’ असं विचारलं की दहा जण दहा खरेद्या सुचवतात. त्याऐवजी कुठलाही इफेक्ट न लावलेला २० सेकंदांचा तुकडा द्या, माइक कुठे आहे त्याचा फोटो द्या, आणि आतापर्यंत काय बदलून पाहिलंत ते सांगा. बदलताना एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल आणि माइक एकदम बदलून कटकट गेली तर दोषी कोण ते कळत नाही, आणि बिघडलेली केबल पुन्हा पिशवीत जाते.

आमच्यातल्या एकीला गाताना मधूनमधून तडतड ऐकू यायची. तिला नवा इंटरफेस, नवी केबल, नवा लॅपटॉप असे सगळे सल्ले मिळाले. शेवटी कुणीतरी बफर (कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा हाताळतो तो आकडा) किती ठेवलाय ते विचारलं. कुणाच्या तरी सांगण्यावरून तिने तो ६४वर आणला होता, हेडफोनमध्ये आवाज उशिरा येऊ नये म्हणून. सांगणाऱ्याचा कॉम्प्युटर दमदार होता, तिचा लॅपटॉप जुना. बफर ५१२ केला, आणि स्वतःचा आवाज ऐकायला इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग चालू केलं, म्हणजे तो कॉम्प्युटरमधून फिरून येत नाही. तडतड थांबली. त्या संध्याकाळी तिने तीन गाणी पूर्ण केली.