भाषण पाठ करू नका: वीस मिनिटं लोकांना धरून ठेवायची तयारी

३ जानेवारीला सावित्रीबाईंवर बोलायला या, असं शाळेतून किंवा मंडळाकडून बोलावणं आलं की बहुतेक जण मोबाइलवर तयार भाषण शोधतात, ते घोकतात आणि आरशासमोर उभे राहतात. आरशाचा सल्ला कोणी काढला कोण जाणे. आरशात माणूस स्वतःकडेच बघतो, आणि व्यासपीठावर नेमकं तेच टाळायचं असतं. 'समोर कोबीचे गड्डे बसलेत असं समजा' हा दुसरा लाडका सल्ला. समोरच्यांना कोबी समजून बोललात, तर तेही कोबीसारखेच ऐकतील.

वाचन, टिपणं हे तुम्ही करालच. ते झालं की श्रोत्याने घरी गेल्यावर काय सांगावं हे एका वाक्यात लिहा. त्या वाक्याला न लागणारी माहिती कितीही आवडली तरी काढून टाका. वीस मिनिटांत तीन प्रसंग नीट सांगून होतात. चौथा घुसडलात की सगळ्यांचीच घाई होते.

आता खरी अडचण: कागदावरचं तोंडात आणणं. मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथेच, आणि चांगले अभ्यासू लोक पडतात तेही इथेच.

याचं मूळ आपल्या शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धांमध्ये आहे. सर भाषण लिहून देतात, मूल ते पाठ करतं, ठरलेल्या शब्दाला ठरलेला हात वर जातो, घंटा वाजायच्या आत शेवटचा शेर म्हणून होतो. बक्षीस मिळतं आणि सवय लागते. मोठेपणी तीच सवय नडते. पाठ केलेल्या भाषणात प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याच्या आधारावर उभं असतं, त्यामुळे एक शब्द निसटला की पुढचं सगळं जातं. निसटला नाही तरी सुटका नाहीच. आवाजाला एक ठरावीक हेल येतो, डोळे छताकडे लागतात आणि हा माणूस मनातल्या मनात वाचतोय, हे तिसऱ्या रांगेतल्या आजींनाही कळतं.

म्हणून भाषण एकदा पूर्ण लिहा, आणि मग तो कागद कपाटात ठेवा. प्रत्येक प्रसंगासाठी चार-पाच शब्दांची एक चिठ्ठी करा. तेवढ्यावर तो प्रसंग घरात कोणाला तरी सांगा. म्हणून दाखवू नका, सांगा. भाजी निवडणाऱ्या आईला सांगा, फिरायला सोबत येणाऱ्या मित्राला सांगा. ती 'बरं, मग?' म्हणाली तर प्रसंग जमला. 'छान आहे' म्हणाली तर पुन्हा मांडा. दर वेळी शब्द वेगळे यायला हवेत. दोनदा जसंच्या तसं आलं तर थांबा, तुम्ही नकळत पाठ करताय. तोंडपाठ हवीत ती फक्त नावं, सनावळ्या, पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य.

कागदावर काय असतं बघा: 'सावित्रीबाई फुले यांनी अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत स्त्रीशिक्षणाची मुहूर्तमेढ रोवली व अखेरच्या श्वासापर्यंत दीनदुबळ्यांची सेवा केली.' चूक काहीच नाही, पण हे वाक्य दर वर्षी हजार ठिकाणी म्हटलं जातं आणि कोणालाही ऐकू येत नाही. आता तेच बोलून बघा: 'साल १८९७. पुण्यात प्लेग. ज्यांना जमतंय ते गाव सोडून चाललेत. आणि ६६ वर्षांची एक बाई प्लेग झालेल्या पोराला पाठीवर घेऊन दवाखान्याची वाट चालतेय. दवाखाना तिच्या मुलाचा, डॉक्टर यशवंतचा. त्याच साथीत १० मार्चला ती गेली.'

इथे थांबा. पूर्ण दोन श्वास. हे सगळ्यात अवघड आहे, कारण व्यासपीठावरचे दोन श्वास बोलणाऱ्याला दोन मिनिटांसारखे वाटतात आणि आपण घाबरून 'तर मित्रहो' म्हणून ती जागा भरून टाकतो. भरू नका. मग सावकाश १८४८ साली या, भिडेवाड्यातल्या मुलींच्या शाळेत. 'स्त्रीशिक्षणाची मुहूर्तमेढ' हे शब्द आता उच्चारायचीही गरज उरत नाही.

प्रसंग आधी की विचार आधी, यावर माझं मत ठाम आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात, म्हणजे पहिल्या भागात, बुवा अभंगाचं निरूपण करतात आणि उत्तररंगात आख्यान, म्हणजे गोष्ट, लावतात. त्यांच्या हाताशी दोन-अडीच तास असतात, साथीला पेटी-तबला असतो. तुमच्याकडे वीस मिनिटं आणि घरघरणारा पंखा. तुम्ही आख्यानापासूनच सुरुवात करा. बुवांकडून घ्यायचं ते दुसरंच: तेच आख्यान ते गावोगाव सांगतात, पण समोरची मुलं पेंगायला लागली की तिथल्या तिथे लांबी कमी करतात. पाठ करणाऱ्याला हे कधीच जमणार नाही.

बाकीचं सोपं आहे. व्यासपीठावरच्या सगळ्यांना मिळून एकच नमस्कार करा, नावांची यादी निवेदकाने आधीच वाचलेली असते. माइक तोंडापासून वीतभर लांब ठेवा, त्यावर फुंकर मारू नका. विनोद आधी घरी कोणी हसलं असेल तरच सांगा. डाव्या, मधल्या आणि उजव्या बाजूला एकेक चेहरा धरा आणि आळीपाळीने त्यांच्याशी बोला.

राहिली वेळ. कार्यक्रम उशिरा सुरू होणार, दीपप्रज्वलन आणि सत्कार लांबणार, आणि तुमच्या वीस मिनिटांची बारा होणार. दहाव्या मिनिटाला आयोजकांची चिठ्ठी येईल. ती आल्यावर 'वेळेअभावी थोडक्यात सांगतो' म्हणून उरलेलं सगळं घाईघाईने ओतणं हा श्रोत्यांवर अन्याय आहे. तीनपैकी कोणता प्रसंग गाळायचा हे घरूनच ठरवून जा. शक्यतो मधला. तो अख्खा सोडा, त्याचा उल्लेखही करू नका, शेवटचं वाक्य नेहमीच्या संथ चालीत म्हणा आणि खाली बसा. काय गाळलंत ते कोणाला कळणार नाही, कागद तुमच्या कपाटात आहे.