‘शालोम’ नीट कसं वापरायचं

हिब्रू शिकायला बसलेल्याला ‘शालोम म्हणजे शांती’ एवढं सांगून वाटेला लावतात. हा सल्ला अर्धवट आहे. श-ल-म या धातूत पूर्ण, अखंड असण्याचा अर्थ आहे. त्यातूनच ‘शालेम’ म्हणजे संपूर्ण आणि ‘लेशालेम’ म्हणजे पैसे चुकते करणं. बायबलमधल्या शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात दावीद राजा रणांगणावरून आलेल्या उरिया या सैनिकाकडे चक्क युद्धाच्या ‘शालोम’ची चौकशी करतो. तिथे ‘शांती’ घालून वाक्य वाचून बघा, अर्थच लागत नाही. ‘खुशाली’ घाला, लगेच लागतो. तेव्हा पहिल्या दिवसापासून मनात खुशालीच ठेवा.

भेटताना म्हणा, निरोप घेतानाही म्हणा. जोर ‘लोम’वर.

खरी अडचण पुढे येते, ‘कसं काय?’ विचारताना. पुरुषाला ‘मा श्लोम्खा?’, बाईला ‘मा श्लोमेख?’ (हा ‘ख’ आपल्या खडूतला नाही, घसा खरवडून काढायचा.) शब्दशः ‘तुझी खुशाली काय?’ मराठी माणूस नेमका इथे अडतो, कारण ‘तुझी तब्येत कशी आहे?’ हे आपण दादालाही विचारतो आणि ताईलाही. ‘तुझी’ बदलते ती तब्येतीमुळे. हिब्रूत मात्र ‘तुझी’चं रूप समोर कोण आहे त्यावर ठरतं. मी यावर सगळ्यात जास्त वेळ घालवला आहे, म्हणून ठामपणे सांगतो: तक्ते पाठ करू नका. घरातल्या एकेका माणसाकडे बघून मोठ्याने विचारा, तोंडात बसेपर्यंत.

दुसरा धोका आपल्या संस्कारांचा. वडीलधाऱ्यांना ‘तुम्ही’ म्हणायची सवय असल्यामुळे अनेकवचनी ‘मा श्लोमखेम?’ विचारावंसं वाटतं. नका विचारू. हिब्रूत अहो-जाहो नाही. आजोबा वळून बघतील की मागे आणखी कोण उभं आहे! इस्रायलमधल्या दिमोना किंवा अश्दोद शहरात एखादे बेने इस्रायली (महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या मराठीभाषक ज्यू समाजाचे) आजोबा भेटले, तर आदर मराठीतून दाखवा, त्यांना बरं वाटेल. अपवाद एकच: ‘शालोम अलेखेम’, म्हणजे ‘तुम्हाला शालोम असो’. ते एकट्यालाही अनेकवचनातच म्हणतात, आणि उत्तर उलटं येतं, ‘अलेखेम शालोम’.

‘मा श्लोमेख?’चं उत्तर ‘श्लोमी तोव, तोदा’, म्हणजे ‘माझी खुशाली छान, धन्यवाद’. बाईनेही ‘तोव’च म्हणायचं, ‘तोवा’ नाही. ‘छान’ हे विशेषण ‘शालोम’ या पुल्लिंगी शब्दाचं आहे, बोलणाऱ्याचं नाही. रोजच्या बोलण्यात ‘बेसेदेर’ (ठीक) पुरतं.

शुक्रवारी ‘शब्बात शालोम’; शब्बात किंवा शब्बाथ म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस. शनिवारी रात्र पडून शब्बाथ संपला की ‘शावुआ तोव’, म्हणजे ‘आठवडा छान जावो’.

कुणाच्या आईला नमस्कार कळवायचा असेल तर ‘द्रिशात शालोम’चं आखूड रूप ‘दाश’ वापरा: मित्राला ‘तिम्सोर दाश ले-इमा’, मैत्रिणीला ‘तिम्सेरी दाश ले-इमा’.